धुराडं दिसलं की दोन हजार

९ नोव्हेंबर

वीटभट्टीचं धुराडं पाडायचं नक्की झालं. विमानतळाच्या मॅनेजर साहेबांनी आज सगळ्यांना खोलीत बोलावून सांगितलं. धावपट्टी लांबवायची, मोठी विमानं आणायची, तर उतरायच्या वाटेत एवढं उंच काही चालत नाही. टेबलावर काचेच्या पेटीत नव्या विमानतळाची प्रतिकृती मांडली होती. प्लास्टिकची झाडं, बोटाएवढी विमानं, लांबलचक काचेची इमारत. सगळे वाकून वाकून बघत होते. मी आमची वीटभट्टी शोधली. तिथे हिरवा कागद चिकटवला होता.

आमची म्हणजे बाबा जिथे काम करतात ती. मालक वेगळाच. पण माझ्या जन्माआधीपासून तिथला विस्तव बाबा सांभाळतात, म्हणून घरात आम्ही ‘आमची भट्टी’ म्हणतो.

‘कुणाला काही शंका?’ साहेबांनी विचारलं. माझ्याबरोबर हवा बघणारे ढगकाका म्हणाले, ‘धुराडं गेल्यावर आम्ही बघायचं कशाकडे?’ सगळे हसले. काका विनोद करत नव्हते.

घरी काही बोलले नाही. बाबांना मालकाकडूनच कळू दे, असं ठरवलं. आणि तेव्हापासून तेच डोक्यात — मला आधी कळलं आणि मी गप्प बसले, याला काय म्हणायचं?

१० नोव्हेंबर

सुरक्षा तपासणीला नवी मुलगी आली आहे. तिने विचारलं, ‘तू त्या गच्चीवर नेमकं करतेस काय?’

सांगितलं. सकाळचं विमान यायच्या आधी ढगकाका किंवा मी जुन्या इमारतीच्या गच्चीवर जातो. हवेतून किती लांबवरचं दिसतं ते ठरलेल्या खुणांवरून बघतो. पाण्याची टाकी दिसली की हजार मीटर. भट्टीचं धुराडं दिसलं की दोन हजार. मागची टेकडी दिसली की पाच हजार. फोनवरून टॉवरला आकडा सांगायचा, टॉवरवाला तो वैमानिकाला सांगतो. पंधराशेच्या खाली असेल तर विमान उतरत नाही. परत जातं.

‘एवढंच? याला मशीन नसतं?’

असतं. मोठ्या विमानतळांवर असतं. आपल्याकडे दुसऱ्या टप्प्यात येणार आहे. पहिल्या टप्प्यात काच येणार आहे.

बाबा पण असंच म्हणतात. ‘घरातलं पहिलं शिकलेलं माणूस, आणि पगार कशाचा, तर आभाळाकडे बघायचा. आम्ही न शिकता फुकट बघतो की!’ पण शेजारी कोणी बसलेलं असलं की सूर वेगळा. ‘आमच्या साहेबिणीने हो म्हटल्याशिवाय विमान खाली येत नाही.’ ते ऐकलं की मी उठून आत जाते. कारण ते खरं आहे.

१५ नोव्हेंबर

मालकाने भट्टी विझवायला सांगितली.

बाबा दुपारीच घरी आले. हातपाय धुतले, भिंतीला टेकून बसले. आई म्हणाली, ‘आज लवकर कसे?’

‘आता रोजच लवकर.’

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘तुला ठाऊक असेल ना गं? तुमच्याकडूनच आलंय ते.’ मला खोटं बोलता येत नाही. प्रयत्न केला तरी कान लाल होतात. हो म्हटलं, गेल्या आठवड्यापासून माहीत होतं.

बाबांनी पाय लांब केले. मग म्हणाले, ‘बरं केलंस. तेवढाच एक आठवडा निवांत झोपलो.’

आई मात्र माझ्याशी बोलली नाही. भांडी घासताना भांड्यांशीच बोलत होती. ‘एकेकाची विमानं उडतात, आणि एकेकाची चूल—’ पुढचं पाण्यात गेलं.

१६ नोव्हेंबर

आज हवा स्वच्छ. धुराडं बिनधुराचं उभं. कधी असं बघितलंच नव्हतं. डोकं भादरलेल्या माणसासारखं दिसत होतं, ओळखीचं आणि ओशाळलेलं.

शाळेत माझी जागा खिडकीपाशी होती. गणित अडलं की मी बाहेर बघायची. धूर आहे म्हणजे बाबा आहेत. मग परत वहीत मान घालायची.

२३ नोव्हेंबर

पाडलं.

काका आणि मी गच्चीवरून बघितलं. आधी नुसतंच उभं होतं, मग एका अंगाला कललं, मध्येच थांबल्यासारखं झालं, आणि गेलं. धूळ उठली. आवाज नंतर आला.

‘बघितलंस?’ काका म्हणाले. ‘आधी दिसतं, मग ऐकू येतं. म्हणून तुला पहिल्या दिवसापासून सांगतोय पोरी, दिसलं तेच सांगायचं. ऐकलं ते नाही, वाटलं ते नाही.’

गच्चीच्या कठड्याला पत्र्याचा एक गोल फलक आहे. त्यावर चारी दिशांच्या खुणा रंगवल्या आहेत, काकांनीच, तरुणपणी. ते खाली जाऊन पांढरा रंग आणि ब्रश घेऊन आले आणि धुराड्याच्या चित्रावर रंग फिरवला. एकदा, मग वाळल्यावर परत एकदा. लाल विटा तरी खालून जराशा दिसतातच.

मॅनेजर साहेब वर आले होते. नव्या खुणेचं काय, विचारलं तर म्हणाले, दिव्याचा खांब लावणार आहोत, पुढच्या टप्प्यात. ‘तोवर ती बांधकामाची क्रेन धरा.’

‘साहेब, क्रेन फिरते,’ काका म्हणाले.

‘मग फिरायची थांबली की बघा.’

घरी आले. बाबा गेले नव्हते बघायला. उंबऱ्यात बसून चपलेचा अंगठा शिवत होते.

‘पडलं?’

‘हो.’

‘कुठल्या अंगाला?’

‘नदीच्या.’

‘हं. तिकडेच जरासं झुकलेलं होतं ते.’ आणि दात लावून दोरा तोडला.

५ डिसेंबर

लिहायचं मन नाही. पण आजच लिहायला हवं, नाहीतर उद्या मी माझ्या सोयीचं लिहीन.

मोसमातलं पहिलं धुकं. काका आणि मी दोघंही वर. काका असले की आकडा तेच सांगतात, मी अजून कंत्राटावर आहे. टाकी दिसत होती. टाकीच्या पलीकडे पांढरं. मी मनात बाराशे धरले आणि काकांकडे बघितलं. ते कपाळावर हात धरून त्या दिशेला बघत होते. मग त्यांनी फोन उचलला आणि म्हणाले, ‘दोन हजार.’

फोन ठेवून मला म्हणाले, ‘ते बघ धुराडं. बारीक रेघ आहे, पण आहे.’

मी बघितलं. पांढरं.

‘काका, धुराडं पाडलंय.’ एवढंच म्हणायचं होतं. ते विसरलेत असं मला वाटेना, आणि त्यांना आठवण करून द्यायची लाज वाटली. कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण उघडं दिसावं तशी लाज. तेवढ्या वेळात विमान खाली आलं.

आवाज भलतीकडून आला. धावपट्टीच्या डावीकडून, मालाच्या गोदामावरून. इतकं खालून आलं की मला चाकं दिसली. गोदामाबाहेर चहा पीत उभे असलेले हमाल जमिनीवर आडवे झाले. मग इंजिनं केवढ्यांदा तरी ओरडली आणि ते वर गेलं. परत गेलं. कोणाला काही झालं नाही.

मी वळले तर काका जिन्याच्या पायरीवर बसलेले. ‘धुकं सरकलं,’ म्हणाले. ‘एकदम सरकलं बघ.’

धुकं तसूभरही सरकलं नव्हतं.

६ डिसेंबर

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. टॉवरवाला, काका, मी. टॉवरवाल्याने सांगितलं, दोन हजार आकडा आला, मी तो दिला. काकांनी सांगितलं, धुकं सरकलं. साहेब म्हणाले, ‘होतं असं. हवा काय आपल्या बापाची आहे!’ मग माझ्याकडे वळले. ‘तू होतीस ना वर?’

‘हो.’

‘मग?’

‘आकडा काकांनी सांगितला.’

खरं होतं. अपुरं होतं. कान लाल झाले. कोणी बघितलं नाही, कारण साहेब जानेवारीतल्या नव्या दुपारच्या विमानाबद्दल बोलायला लागले होते. तोपर्यंत कसलीही बोंबाबोंब नको, म्हणाले.

७ डिसेंबर

‘बारीक रेघ आहे, पण आहे’ हे फक्त मी ऐकलं. माझ्याशिवाय जगात कोणाला माहीत नाही.

८ डिसेंबर

काका नसते तर मी इथे नसते. मुलाखतीला गेले तेव्हा तीन साहेब टेबलामागे आणि मला घाम. माझं नाव मलाच नीट सांगता येईना. शेवटच्या खुर्चीवर काका होते. म्हणाले, ‘तिला खिडकीपाशी उभी करा आणि बाहेर काय दिसतं ते विचारा.’ मी सांगितलं. दिसलं तेवढंच सांगितलं. काका म्हणाले, ‘ही चालेल.’

नंतर त्यांनी मला ढग शिकवले. गच्चीवर चटई अंथरून उताणं झोपायला लावायचे आणि स्वतः पाठ करून बसायचे. ‘तू सांग, मी ऐकतो.’ सगळा विमानतळ त्यांना ढगकाका म्हणतो, पण मला ते सख्खे वाटतात.

आणि हेही लिहायला हवं. काका गेले तर त्यांची जागा मला मिळेल. पक्की. आई आज वाढता वाढता म्हणाली, ‘तुझ्या त्या काकांना अजून किती वर्षं आहेत गं? तुझं पक्कं कधी व्हायचं?’ नेमकं आजच विचारायचं होतं! आता मी साहेबांना सांगितलं, तर विमानासाठी सांगितलं की जागेसाठी, हे मला तरी कसं कळणार? आणि नाही सांगितलं, तर पुढच्या धुक्यात?

बाबांना आडून विचारलं. ‘भट्टीवर कुणाची नजर चुकायला लागली तर काय करायचात?’

‘बाजूला करायचो.’

‘तो म्हातारा असला तर? त्यानेच तुम्हाला काम शिकवलं असलं तर?’

बाबा पाणी प्यायले, त्यांनी भांडं ठेवलं. ‘तर हळू बाजूला करायचं.’ उठता उठता परत म्हणाले, ‘पण करायचं.’

९ डिसेंबर

आधी काकांकडे गेले. पाठीमागे सांगायचं नाही, एवढं तरी.

‘काका, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, धुराडं दिसतंय.’

‘दिसलं म्हणून म्हणालो.’

‘ते पाडलंय.’

‘मला सांगतेस? रंग कोणी मारला त्याच्यावर?’

‘मग?’

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘तरी दिसलं. आता काय करू मी?’

मी म्हटलं, डोळे दाखवून घ्या. मोतीबिंदू असेल, हल्ली सगळ्यांचे काढतात. तोवर तुम्ही वर येऊ नका, मी बघते वरचं. साहेबांना कळायचंसुद्धा कारण नाही.

‘तू बघतेस,’ काका म्हणाले. जरा हसले. ‘एवढी घाई झाली होय तुला?’

मी तिथून निघाले. टाकीपर्यंत चालत गेले. का गेले माहीत नाही. टाकी जवळून बघितली. तिला शेवाळ आहे.

१० डिसेंबर

सकाळी काका माझ्याआधीच गच्चीवर हजर. टेकडीपर्यंत सगळं लख्ख दिसत होतं, तरी कपाळावर हात धरून उभे.

मी खाली गेले आणि साहेबांना सांगितलं.

साहेब आधी वैतागले. मग म्हणाले, ‘म्हणजे? जे पाडलंय ते त्यांना दिसलं?’ त्यांना हसू आलं आणि मध्येच थांबलं. बराच वेळ काचेच्या पेटीकडे बघत होते. ‘आधी का नाही सांगितलंस?’ मग त्यांनीच ठरवून टाकलं. डोळे तपासून होईपर्यंत काका गोदामाच्या ऑफिसात बसतील. गच्ची सध्या माझ्याकडे.

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल.

११ डिसेंबर

काकांनी आपली खुर्ची स्वतःच उचलून गोदामात नेली. मी पुढे झाले तर म्हणाले, ‘राहू दे.’

१५ डिसेंबर

टॉवरवाला पूर्वी फोनवर म्हणायचा, ‘बोला वरच्या मजल्यावरच्या देवता, काय हुकूम?’ आता नुसतं ‘आकडा?’ मी आकडा सांगते. तो ठेवून देतो.

कॅन्टीनच्या मावशी चहा समोर ठेवतात आणि पदराने टेबल पुसत दुसरीकडे बघतात. त्यांचा मुलगा काकांच्या ओळखीने लागला आहे. सुरक्षेतली मुलगी तेवढी बोलते. आज म्हणाली, ‘पक्की झालीस म्हणे! पार्टी कधी?’

नाही झाले अजून, असं सांगितलं. ‘अजून’ हा शब्द मी का घातला?

२० डिसेंबर

काका फाटकाशी भेटले. मी खाली मान घालून जाणार होते, त्यांनीच हाक मारली.

‘दाखवले डोळे. डॉक्टर म्हणाला, या वयात असे डोळे क्वचित बघायला मिळतात. मोतीबिंदू नाही, काही नाही. चष्म्याचा नंबरसुद्धा तोच.’

मी म्हटलं, ‘मग काका, मी साहेबांना सांगते. परत वर या तुम्ही.’

‘वेडी आहेस का? मी सोडतोय. अर्ज दिला आज.’ त्यांच्या हातात जेवणाचा डबा होता, त्याची कडी ते उघडत होते आणि लावत होते. ‘डोळ्याचा दोष असता तर बरं झालं असतं गं. काढून टाकला असता. मान तिकडे वळली की ते आहेच. पांढऱ्यात तर आहेच आहे. माझं मलाच कळत नाही, बघतो किती आणि मनाने भरतो किती.’

मग म्हणाले, ‘सांभाळ.’

ते ‘सांभाळ’ मी दिवसभर उलटसुलट करून बघितलं. राग होता का? माया होती का? इकडे गच्चीवर येऊन फलकापाशी उभी राहिले. पांढऱ्या रंगाखाली विटा आहेतच.

२ जानेवारी

पक्की झाले.

आईने शेजारच्या दोन घरी जाऊन सांगितलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. भट्टी विझल्यापासून पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच पाणी प्यायले.

बाबांनाही काम लागलं. आमच्याच नव्या इमारतीवर, विटा वाहायचं. दुसऱ्या गावच्या भट्टीतून येतात विटा. ‘आधी भाजायचो, आता वाहतो,’ म्हणाले. ‘बापलेकीची एकाच दिवशी बढती!’ आई हसली. बाबांचे हात विस्तवाचे आहेत, ओझ्याचे नाहीत. संध्याकाळी त्यांना घास नीट धरता येत नव्हता. आम्ही दोघींनी बघितलं आणि बघितलं नाहीसं केलं.

९ जानेवारी

दुपारचं विमान सुरू झालं. पहिल्या प्रवाशांना फुलं दिली. साहेबांनी भाषणात सांगितलं, हे सगळं तर नुसतं पहिलं पाऊल आहे. काचेच्या पेटीवर आता धूळ बसली आहे. आज नीट बघितलं — आमची जुनी इमारत त्यात नाहीच. गच्ची नाही, फलक नाही. त्या जागी गाड्या लावायला चौकोन आखले आहेत.

साहेबांना दिव्याच्या खांबाचं विचारलं.

‘अगं, येतोय. दुसऱ्या टप्प्यात. तू आहेस ना तोवर!’

१० जानेवारी

दाट धुकं. टाकीही दिसली नाही. आकडा सोपा होता. दोन्ही विमानं परत गेली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. खाली लोक बॅगांवर बसून होते, एक बाई परत परत विचारत होती, ‘कोण ठरवतं हे?’

१३ जानेवारी

पातळ धुकं. गच्चीवर एकटीच. टाकी दिसली. टॉवरला फोन केला आणि म्हटलं, दोन हजार.

फोन ठेवला. मग कळलं मी कशाकडे बघून सांगितलं ते. बारीक रेघ. वर धूरसुद्धा होता.

परत बघितलं. पांढरं.

परत फोन केला. ‘बाराशे. बाराशे आहे.’ विमान वरच्या वर माघारी गेलं. नुसता आवाज ऐकला.

टॉवरवाला म्हणाला, ‘काय झालं? धुकं सरकलं?’

मी हो म्हटलं.

ऐकायला वर कोणी नव्हतं.